दुःखाची भाषा आणि दुभाष्या

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली, तेव्हा मी गुजरात शासनाच्या महसूल खात्यात नायब मामलतदार होतो. दोन-तीन दिवसांतच आमच्यापैकी अनेकांची मदतकार्यासाठी तिकडे रवानगी झाली. त्या भूकंपात सुमारे १३,८०० माणसे दगावली, असे पुढे सरकारी आकड्यांवरून कळले. माझ्याकडे भचाऊ तालुक्यातील काही गावांच्या नुकसानीची नोंद करणे आणि तंबू व धान्याचे वाटप पाहणे, ही कामे होती. जन्माने मराठी, शाळेपासून गुजरातीत मुरलेला, पण कच्छी मात्र नुसती कानांवरून गेलेली, अशी माझी भाषेची शिदोरी होती.

महिन्याभराने एका दूरच्या शहरातून समुपदेशकांचे एक पथक आले. सगळे तरुण, सुशिक्षित आणि मनापासून काम करणारे होते. त्यांच्याजवळ इंग्रजीत छापलेली प्रश्नावली होती आणि ते हिंदीत बोलत. एका गावात एका म्हाताऱ्या बाईशी त्यांना बोलायचे होते. तिला हिंदी येत नव्हती, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. 'झोप लागते का' असे त्यांनी विचारले. मी ते गुजरातीत सांगितले. बाई कच्छीत बोलू लागल्या. चांगली पाच-सात मिनिटे बोलत होत्या. त्यातले रात्र, झोप, सकाळ एवढेच शब्द मला उमगले. त्या समुपदेशक मुलीकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. मध्येच मी सवयीने खिशातले पेन काढले आणि नोंदवही उघडली. बाई थांबल्या. मी मुलीला म्हणालो, "झोप येत नाही, असे म्हणतात." तिने त्या चौकटीत खूण केली आणि आम्ही पुढच्या तंबूकडे वळलो.

संध्याकाळी गावातल्या शिक्षकांनी मला खरी हकिगत सांगितली. त्या सकाळी बाईंचा नातू झेंडावंदनाला जायला तयार नव्हता. त्याला अंथरुणातून उठायचे नव्हते. बाईंनीच त्याला रागावून, न जेवताखाता पिटाळले होते. तो परतला नाही. ती गोष्ट त्या मला सांगत होत्या, आणि मी वही उघडताच त्यांना वाटले की हा गुन्हा आता सरकार दप्तरी लिहून घेणार. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या तंबूकडे गेलो. पण बाई काही बोलल्या नाहीत. मदतीच्या यादीत आपले नाव आहे ना, एवढेच त्यांनी विचारले.

या प्रसंगाची बोच पुष्कळ वर्षे मनात राहिली, पण तिला नाव देता येत नव्हते. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि फ्रान्झ फॅनन या वैद्याच्या मनोविकारविषयक लेखांचे इंग्रजी भाषांतर हाती आले. हे लेख २०१८ मध्ये प्रथमच एकत्रितपणे इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात दुभाष्यासंबंधीचा एक मजकूर वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. माझीच गोष्ट कोणी सत्तेचाळीस वर्षे आधी, आफ्रिकेच्या उत्तर टोकाला बसून लिहून ठेवली होती. त्या गोष्टीचा इतिहास आणि तिच्या मागेपुढे घडलेल्या आणखी काही प्रयत्नांचा इतिहास या लेखात सांगण्याचा विचार आहे. परक्या माणसाचे दुःख ऐकायचे तर ऐकणाऱ्याच्या अंगी काय असावे लागते, हा त्यामागचा प्रश्न आहे.

फॅनन यांचा जन्म १९२५ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले, त्यांना शौर्यपदकही मिळाले. पुढे लियों येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. उत्तर आफ्रिकेतून फ्रान्समध्ये आलेले मजूर दवाखान्यात आपले दुखणे सांगत, तेव्हा डॉक्टर ते खोटे किंवा आळसाचे सोंग मानीत. या प्रकारावर त्यांनी १९५२ मध्येच एक लेख लिहिला होता. त्यानंतर सेंत-आल्बां येथील मनोरुग्णालयात त्यांनी फ्रांस्वा तोस्केल या स्पेनमधून परागंदा झालेल्या मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली काम केले. रुग्णालय हाच एक समाज आहे आणि रुग्णाला त्या समाजात काम, गप्पा, सण, वर्तमानपत्र यांच्या द्वारे पुन्हा माणसांत आणता येते, ही तोस्केल यांची शिकवण. तिला त्यांनी सामाजिक उपचार असे म्हटले.

नोव्हेंबर १९५३ मध्ये फॅनन अल्जीरियातील ब्लिदा-जॉइनव्हिल मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. तिथल्या मनोविकारशास्त्रावर अँत्वान पोरो यांच्या संप्रदायाचा पगडा होता. उत्तर आफ्रिकेचा मुसलमान उपजतच आवेगी, अविचारी आणि गुन्हेगारीकडे झुकणारा असतो आणि त्याचे कारण त्याच्या मेंदूच्या घडणीत आहे, असे हा संप्रदाय शिकवी. तो काळच तसा होता. त्याच १९५३ मध्ये कॅरोदर्स या डॉक्टरचा एक प्रबंध जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. आफ्रिकी माणूस मेंदूच्या पुढच्या भागाचा फारसा उपयोग करीत नाही, असे त्यात प्रतिपादन होते. रुग्णालयातले विभागही युरोपीय आणि 'देशी' असे वेगळे होते. फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते.

त्यांनी दोन्हीकडे तोस्केल यांची पद्धत सुरू केली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात नाताळ साजरा झाला, चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा होऊ लागली, शिवणकाम सुरू झाले, विभागाचे छोटे वर्तमानपत्र निघाले. काही महिन्यांतच तिथले वातावरण पालटले. मुसलमान पुरुषांच्या विभागात मात्र सारे फसले. बैठकीला लोक येऊन गप्प बसत. नाटक आणि समूहगान कोणी मनावर घेईना. वर्तमानपत्र निरुपयोगी, कारण वाचू-लिहू शकणारे फारच थोडे. टोपल्या विणायला दिल्या, तर ते बायकांचे काम म्हणून पुरुष हात लावीनात. तोच वैद्य, तीच पद्धत, तीच तळमळ. एका दालनात यश आणि शेजारच्या दालनात अपयश.

इथे पोरो-संप्रदायातल्या कोणीही म्हटले असते की यांच्यात मुळात काही नाहीच. फॅनन आणि त्यांचा तरुण सहकारी जाक आझुले यांनी १९५४ मध्ये या अपयशावरच लेख लिहिला आणि दोष स्वतःकडे घेतला. आपण युरोपीय समाजाचा साचा उचलून दुसऱ्या समाजावर ठेवला आणि त्यात बसण्याचे सगळे कष्ट रुग्णांवर टाकले, असे त्यांनी मान्य केले. रुग्णाचे कुटुंब कसे असते, घरात वडीलधाऱ्यांचा मान किती, पुरुष एकत्र कुठे बसतात, जमीन गेलेला शेतकरी शहरात येऊन काय होतो, यांतले आपल्याला काही ठाऊक नव्हते, असे ते लिहितात. आपल्या राजवटीच्या नकळत आपणही रुग्णांना फ्रेंच बनवायला निघालो होतो, ही कबुली त्या काळी लहान नव्हती.

मग त्यांनी मार्ग बदलला. रुग्णालयात स्थानिक धर्तीचे कॉफीघर उघडले, मुसलमानांचे सण नियमाने साजरे होऊ लागले. गोष्टी सांगणाऱ्या कथेकऱ्याला बोलावले जाऊ लागले. शेतकरी असलेल्या रुग्णांच्या हाती बागेची जमीन आणि कुदळ आली. माणसे बोलू लागली.

आता दुभाष्याची गोष्ट. फॅनन यांना अरबी येत नव्हती, पुढे त्यांनी ती शिकण्याचा प्रयत्न केला. काही रुग्ण तर कबाइल भाषा बोलणारे होते. म्हणून परिचारकांकरवी बोलणे चाले. त्यात नुसता अर्थाचा घोटाळा होई असे नाही. फॅनन यांनी दाखवून दिले की वसाहतीतल्या साध्या माणसाची दुभाष्याशी गाठ पडते ती कचेरीत, पोलिसांसमोर किंवा न्यायालयात. दुभाष्या दिसला की सरकार दिसले. मग तेच चित्र दवाखान्यात दिसल्यावर रुग्ण मन कसे मोकळे करणार? हे वाचताना मला माझी नोंदवही आठवली. कच्छमध्ये राज्य परक्यांचे नव्हते, आपलेच होते. तरी त्या बाईंच्या लेखी मी आधी सरकारी माणूस होतो आणि त्यानंतर दुभाष्या. त्या मुलीच्या प्रश्नावलीत काही खोट नव्हती. तिचा आवाज पोचविणारा माणूस चुकीचा निवडला गेला होता.

फॅनन यांचे आणखी दोन अभ्यास इथे सांगण्याजोगे आहेत. चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगण्याची एक मानसशास्त्रीय चाचणी आहे. १९५६ मध्ये ती चाचणी त्यांनी व शार्ल जेरोनिमी यांनी मुसलमान स्त्रियांवर करून पाहिली. उत्तरे अगदी तुटक आली. चित्रांतली घरे, कपडे, माणसांची उठबस, सारेच परके. त्यांवर गोष्ट सुचणार कशी? पण त्या चाचणीत एक पत्ता कोरा असतो. त्या कोऱ्या पत्त्यावर त्याच स्त्रियांनी भरभरून गोष्टी रचल्या. कल्पनाशक्तीचा दुष्काळ चित्रांत होता, बायकांत नव्हता. दुसरा अभ्यास फ्रांस्वा सांचेझ यांच्याबरोबरचा. वेडाकडे तिथला सामान्य माणूस कसा पाहतो, हे त्यांनी तपासले. वेडा माणूस जिनाच्या तावडीत सापडलेला आहे, तेव्हा त्याच्या शिव्याशापांचा दोष त्याचा नाही, असे घरचे लोक मानीत. बरा झाल्यावर तो पूर्वीच्याच मानाने घरात वावरे. युरोपीय परिचारकाला मात्र रुग्ण मुद्दाम त्रास देतो असे वाटे आणि तो त्याला शिक्षा करू पाही. जिनाची कल्पना खरी की खोटी, हा प्रश्न फॅनन यांनी तिथे महत्त्वाचा मानला नाही. त्या कल्पनेमुळे रुग्णाची अब्रू राखली जाते, हे त्यांनी टिपले.

नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. ज्या देशात माणसाला स्वतःच्याच घरात परके केले जाते, तिथे मन बरे करण्याचा उद्योग व्यर्थ आहे, अशा आशयाचे पत्र लिहून फॅनन यांनी १९५६ च्या अखेरीस राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. डिसेंबर १९६१ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते वारले. ब्लिदाचे ते रुग्णालय आज त्यांचे नाव मिरविते.

ब्लिदात हे चालू असताना, १९५४ मध्येच, त्याच खंडाच्या पश्चिमेला नायजेरियात दुसरा एक प्रयोग सुरू झाला. थॉमस अडेओये लॅम्बो हे योरुबा समाजातले, आबेओकुटा या गावचेच. इंग्लंडमध्ये वैद्यक आणि मनोविकारशास्त्र शिकून ते परतले आणि गावाजवळच्या आरो येथील मनोरुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी आसपासच्या खेड्यांतील लोकांना विनंती केली की रुग्णांना भाडेकरू म्हणून घरात ठेवून घ्या. अट एकच होती, रुग्णासोबत घरचे एक माणूस राहिले पाहिजे. रुग्ण दिवसा उपचारासाठी रुग्णालयात जाई आणि संध्याकाळी खेड्यात परते. तिथे त्याला आपल्या भाषेतली माणसे, आपले जेवण आणि आपले सण मिळत. गावाला भाडे मिळे, पाण्याची व आरोग्याची सोय होई. लॅम्बो यांनी पारंपरिक वैदूंनाही सोबत घेतले. रुग्णाला आजाराचे कारण काय वाटते आणि त्याच्या मते कोणते विधी व्हायला हवेत, हे वैदूंकडून समजे. औषध आणि विजेचा उपचार डॉक्टर करीत. लॅम्बो पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. तिथेच कॅरोदर्स यांचा प्रबंध निघाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे वीस वर्षांत काय पालटले ते कळते.

आपल्या देशाकडे वळू. १९२२ मध्ये कलकत्त्याला डॉ. गिरींद्रशेखर बसू यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुष्कळ वर्षे चालला. बसूंनी गुरू मानले तरी मान तुकविली नाही. आपल्या रुग्णांच्या मनाची घडण युरोपीय रुग्णांपेक्षा काही बाबतींत वेगळी दिसते, असे त्यांनी फ्रॉइडना पुराव्यानिशी लिहून कळविले. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली. फ्रॉइडनी मूर्तीचे कौतुक केले. मतभेद मात्र जिथल्या तिथे राहिले.

अमृतसरच्या मनोरुग्णालयाची हकिगत याहून वेगळी. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात तिथे डॉ. विद्यासागर अधीक्षक होते. रुग्णांची दाटी झालेली, कर्मचारी अपुरे. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला सांगितले. आई, बायको, भाऊ सोबत राहू लागले. रुग्णाला खाऊ घालणे, न्हाऊ घालणे, औषध देणे ही कामे घरचे लोक शिकले. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून डॉक्टर बोलत, धर्मग्रंथांतले दाखले देऊन आजार समजावीत. परिणाम असा की रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि घरचे लोक त्यांना नेण्यास राजी होऊ लागले. हे सारे अडचणीतून सुचले होते, सिद्धांतातून नव्हे. पण पश्चिमेत रुग्णाला घरच्यांपासून तोडून उपचार करण्याची रीत असताना इथे कुटुंब हाच उपचाराचा भाग झाला. पंजाबी भाषेचे नामवंत कवी आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी पुढे १९७३ मध्ये एका लेखात गुरू-चेला नात्याचा विचार मांडला. पाश्चात्य समुपदेशक अलिप्त राहतो, सल्ला देत नाही, रुग्णाने स्वतःच निर्णय घ्यावा अशी अपेक्षा करतो. आपल्याकडचा रुग्ण मात्र वडीलधाऱ्या माणसाकडे यावे तसा येतो आणि मार्ग विचारतो. त्याला परावलंबी ठरविण्याऐवजी त्या नात्याचाच उपयोग करून त्याला हळूहळू पायांवर उभे करता येईल, असे नेकींचे म्हणणे.

अमेरिकेत हा विचार शास्त्रीय चौकटीत बसविण्याचे काम याच सुमारास सुरू झाले. आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकात सुचविले की डॉक्टरने रुग्णाला काही साधे प्रश्न विचारावेत: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशाने झाले असे तुम्हाला वाटते, आताच का झाले, त्यातली सर्वांत मोठी भीती कोणती, कोणता उपचार व्हावा असे वाटते. १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिन्न संस्कृतींतील लोकांना समुपदेशन करणाऱ्याच्या अंगी काय हवे ते तीन सूत्रांत मांडले: आपल्या स्वतःच्या समजुतींची जाणीव, समोरच्याच्या जगाचे ज्ञान आणि त्याला साजेसे कौशल्य. यातले पहिले सूत्र मला सर्वांत अवघड वाटते. फॅनन यांचे अपयश तिथेच होते, आणि माझेही. १९९८ मध्ये टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर विदुषींनी त्यावर आणखी एक पुस्ती जोडली. दुसऱ्याची संस्कृती शिकून आपण तरबेज झालो, असे मानणेच धोक्याचे आहे. त्याऐवजी आयुष्यभर शिकत राहण्याची नम्रता हवी, असे त्यांनी म्हटले. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिली आहे. क्लाइनमन यांचे प्रश्न तिथे थोड्या फरकाने भेटतात.

या नम्रतेची गरज का, ते पोरो-संप्रदायावरूनच कळते. तेही मुसलमानांची 'संस्कृती जाणतो' असेच म्हणत होते. माणसाला ओळखण्याआधीच त्याच्या जमातीचे वर्णन पाठ असले, की ज्ञानाचे रूपांतर पूर्वग्रहात व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही 'कच्छी बाई अशाच', 'आदिवासी असेच', 'मारवाडी असेच' ही वाक्ये कचेरीत मी कितीदा ऐकली आणि, कबूल करतो, उच्चारलीही.

दुसरी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. संस्कृतीचा मान राखायचा म्हणून काहीही चालू द्यायचे, असा याचा अर्थ नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी, कच्छच्या भूकंपानंतर सहा महिन्यांनी, तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस माणसे गेली. श्रद्धेने आणलेल्या माणसांना श्रद्धेच्या नावाखाली बांधून ठेवले होते. हा संस्कृतीचा आदर नव्हे, ही बेपर्वाई होय. त्याच प्रश्नाला आपल्या गुजरातेत वेगळे उत्तर शोधले गेले. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात पिशाचबाधा समजून अनेक रुग्णांना आणले जाते. तिथे शासन आणि एका स्वयंसेवी संस्थेने 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू केला. मुजावर प्रार्थना करतात आणि तेच रुग्णाला आवारातल्या डॉक्टरांकडे पाठवितात. कोणाला साखळीची गरज उरत नाही आणि कोणाला आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवावी लागत नाही. लॅम्बो यांना हे पाहून आनंद झाला असता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमातही हा विचार उतरला आहे. धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेदभाव न करता उपचार मिळावेत आणि ते रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना स्वीकारार्ह वाटतील अशा रीतीने मिळावेत, असे त्याच्या अठराव्या कलमात म्हटले आहे. कायद्याच्या भाषेत आयुष्य गेल्यामुळे 'स्वीकारार्ह' या शब्दाचे वजन मला कळते. उपचार चांगले आहेत की नाहीत हे एरवी देणारा ठरवितो. इथे घेणाऱ्याचेही मत विचारात घेतले आहे.

आता थोडे आपल्या घरचे. बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांना दोन भाषांमध्ये राहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून आणलेला एक बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला, तेव्हा मराठीबरोबर गुजरातीही शिकणे त्याला भाग होते, कारण प्रजा गुजराती होती. पुढे याच संस्थानाने राज्यकारभारातील शब्दांचे प्रतिशब्द अनेक भारतीय भाषांतून देणारा 'शासनशब्दकल्पतरु' हा कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. राजाची भाषा आणि रयतेची भाषा यांतले अंतर दरबाराने ओळखले होते. आपण मात्र त्या सवयीमुळे असे समजून चालतो की दोन्ही भाषा आपल्याला सारख्याच जवळच्या आहेत. म्हातारपणी हा समज टिकत नाही.

आईला विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. साठ वर्षे जिने भाजीवाल्याशी आणि शेजारणींशी अस्खलित गुजरातीत व्यवहार केला, तिची गुजराती आधी गेली. मराठी उरली. आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले. तिशीतले, गोड स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी जवळ बसून विचारले, "बा, नवुं वरस क्यारे बेसे?" आईला प्रश्न कळला. म्हणाली, "पाडव्याला." डॉक्टर मान हलवीत म्हणाले, "कया महिनामां?" आई म्हणाली, "चैत्रात." डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. गुजराती माणसाचा पाडवा दिवाळीनंतरचा, कार्तिकातला. त्यांच्या हिशेबी म्हातारीचे महिने गोंधळले होते.

माझी पत्नी हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, अमारुं वरस चैत्रमां बेसे." डॉक्टर क्षणभर थांबले, हसले आणि फुली खोडली. मग त्यांनी आमच्याकरवी आईला विचारले की पाडव्याला घरात काय काय करता. आईने काठीला तेल लावण्यापासून कडुनिंबाच्या डहाळीपर्यंत सारे क्रमाने सांगितले. आईचा आजार त्यामुळे खोटा ठरला नाही. तो होताच आणि पुढे वाढतच गेला. पण त्या दिवशी कागदावर तिची जेवढी बुद्धी शिल्लक होती, तेवढी तरी लिहिली गेली. तिथे दुभाष्या घरचा होता आणि डॉक्टर फुली खोडायला तयार होते, या दोन गोष्टींमुळे हे साधले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत आज असे आईवडील आहेत. मुले पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर आहेत. उद्या आपलीही पाळी येईल. दवाखान्यात नेणाऱ्याने जुनी कागदपत्रे घेतो तशी एक गोष्ट आठवणीने सोबत न्यावी. माणूस घरात कोणत्या भाषेत रागावतो, देवाचे नाव कोणत्या भाषेत घेतो आणि त्याचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. चांगला डॉक्टर ते ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. आणि दुभाषा होण्याची वेळ आपल्यावर आलीच, तर समोरचे माणूस पाच मिनिटे बोलले असताना आपण चार शब्दांत आटोपू नये. कळले नसेल तर कळले नाही असे सांगावे.

कच्छमधल्या त्या बाईंना मला एवढे जरी म्हणता आले असते, "बा, मला कच्छी नीट येत नाही, गावच्या मास्तरांना बोलावतो," तर ती नोंदवही बंद करून मी बाजूला झालो असतो. त्या मुलीला दुःख ऐकू आले असते. मास्तर शंभर पावलांवर होते.